बारीक झालेला धबधबा

मुलांनो, काश्मीरमधल्या गुलमर्गचं नाव तुम्ही ऐकलं असेलच. पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून सूं... करत घसरत जायचं, त्याला स्कीइंग म्हणतात. त्यासाठी माणसं कुठून कुठून तिथं येतात. पण २०२४ च्या जानेवारीत तिथं बर्फच नव्हता! उतार उघडे, खाली सुकलेलं गवत. हौशी मंडळी हिरमुसली.

ती बातमी वाचली आणि मला आमची जव्हारची भटकंती आठवली. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्यात बर्फ कुठला? तिथला थाट पावसाचा. वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर कोसळतो. आम्ही निघालो २०२३ च्या ऑगस्टमध्ये, आणि नेमका तो ऑगस्ट १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा निघाला! आमचं नशीब, दुसरं काय.

नाशिकहून एस.टी. निघाली. त्र्यंबकेश्वर गेलं, मोखाडा आलं. श्रावण चालू, तरी खिडकीतून ऊन आत. जव्हारहून जीपने दाभोसा गाठलं. इथं लेंडी नदी सुमारे तीनशे फूट खाली उडी घेते. भर पावसाळ्यात तिचा आवाज लांबूनच ऐकू येतो म्हणे. आम्हांला मात्र आधी पाखरंच ऐकू आली. कड्यावरून पाहिलं तर पाण्याची एक बारीक धार. माझी मैत्रीण म्हणाली, "एवढ्यासाठी आलो?"

पण थांबा हं. पाणी कमी म्हणूनच आम्हांला कडा नीट दिसला. काळ्या दगडाचे थरावर थर, जणू कुणी भाकऱ्या रचून ठेवल्यात. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तापलेला लाव्हा पुन्हा पुन्हा वाहिला आणि थिजला, त्याचे हे थर. पुस्तकात हे मी कितीदा शिकवलं असेल, पण डोळ्यांनी पाहिलं ते त्या दिवशी.

खाली डोहाशी जायचा मोह झाला. सोबतच्या गावातल्या मुलानं अडवलं. "बाई, शेवाळ हाय. आन् वरती पाऊस झाला तं पानी अचानक येतं." सातवीतला पोर, पण मी गुपचूप ऐकलं. तुम्हीही अशा ठिकाणी ऐका बरं.

परतताना उतारावर एक आजी नागली बेणत होती. (नागली म्हणजे नाचणी.) रोपांची पानं दुपारच्या उन्हानं वळली होती. मी म्हटलं, "आजी, एवढा पाऊस पडतो तुमच्याकडे, मग पाणी जातं कुठं?"

"खाली," ती हसून म्हणाली. "डोंगर काय पानी धरतो व्हय?"

खरंच होतं तिचं. उतार तीव्र, मातीचा थर पातळ, खाली सलग कातळ. पडलेलं पाणी धावत नदीला मिळतं आणि समुद्राकडे जातं. थोडं धरणांत अडतं. मोखाडा तालुक्यात कोचाळ्याजवळ वैतरणेवर मोठं धरण आहे, २०१४ साली पूर्ण झालेलं. ते पाणी जातं मुंबईला. आणि याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो, बाया रात्री विहिरीवर नंबर लावतात. मला हे पटत नाही. तुम्ही मुंबईत राहत असाल तर नळ सोडताना वैतरणा नकाशात शोधा.

आजीनं आम्हांला नागलीची भाकरी दिली, वर लाल मिरचीची चटणी. "ही मागल्या सालची," म्हणाली. "यंदाचं अजून ठरायचंय."

सप्टेंबरात पाऊस परतला. त्या मुलाचा गुरुजींच्या मोबाइलवरून निरोप आला, "बाई, धबधबा लय मोठा झालाय, या." मी विचारलं, "आणि आजीची नागली?"

"खालची आली. उतारावरची गेली."