नर कोणता, मादी कोणती?

मंडळी, मागच्या पिकनिकला एका वहिनींनी विचारलं, "तुमच्याकडे मासे असतात म्हणे?" त्यांना पापलेट अपेक्षित होतं. माझे मासेही तसेच गोल नि चपटे, पण खायचे नव्हेत, पाळायचे. त्यांना डिस्कस म्हणतात. मूळचे ॲमेझॉनच्या खोऱ्यातले, त्यामुळे पाणी ८२ ते ८६ डिग्री फॅरनहाइट लागतं. न्यू जर्सीच्या जानेवारीत आपल्या घरातली सगळ्यात उबदार जागा माशांची, असं आमची ही म्हणते.

एका दुकानदाराने "जमलेला जोडा" म्हणून मला दोन मासे दिले. किंमत लिहीत नाही, कारण हीसुद्धा हे पत्रक वाचते. दोन महिन्यांत मातीच्या कुंडीवर अंडी दिसली. पेढे वाटायचेच काय ते बाकी होते! दोन दिवसांत सगळी अंडी पांढरीफटक. पुन्हा घातली, पुन्हा तेच. पाणी मऊ करून पाहिलं, काही उपयोग झाला नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात आई साताऱ्याहून आली. आम्ही दोघं कामावर, मुलं शाळेत, बाहेर बर्फ. ती खुर्ची टाकून दिवसभर टँकपुढे बसायची. एका संध्याकाळी म्हणाली, "अरे, तुझा तो नवरापण अंडी घालतोय." मी हसलो. ती चिडली. "आळीपाळीने घालतायत दोघी. मी काय आंधळी आहे?"

शनिवारी भिंग घेऊन बसलो. डिस्कसमध्ये रंगावरून नर-मादी कळत नाही. नर मोठा, त्याचं कपाळ जाड, असं सांगतात खरं, पण त्यावर मी आता एक डॉलरही लावणार नाही. भरवशाची खूण एकच, आणि तीही अंडी घालायच्या सुमारासच दिसते: पोटाखाली बाहेर येणारी छोटी नळी. मादीची जाडसर आणि बोथट, नराची बारीक आणि टोकदार. माझ्या दोन्ही माशांची बोथट!

मग जाणकार सांगतात तेच केलं. सहा पिल्लं आणून एकत्र वाढवली आणि लग्न त्यांचं त्यांनाच जमवू दिलं. वर्ष उलटल्यावर दोघं एका कोपऱ्यातून बाकीच्यांना हुसकावू लागली. एकमेकांपुढे मान लववून थरथरायची, तोंडाने कुंडी घासायची, शेपटाकडचा भाग काळवंडायचा. हीच तयारीची लक्षणं. या वेळी अंडी पांढरी पडली नाहीत. अडीच दिवसांत फुटली, आणि पुढच्या तीनेक दिवसांत पिल्लं पोहत जाऊन आईबापांच्या अंगाला चिकटली. त्यांच्या कातडीवरचा चिकट स्राव हेच पिल्लांचं पहिलं अन्न.

साताऱ्याला फोन लावला. "बापाच्या अंगावरचंसुद्धा खातात?" आईने दोनदा विचारलं. मग म्हणाली, "आणि दिवसभर त्यांच्यापुढे बसतं कोण रे?"

मार्चचं तिचं तिकीट काढलंय. तोवर कुणाला पिल्लं बघायची असतील तर शनिवारी दुपारी या. पापलेट नाही, चहा मिळेल.