चाँदबीबीचा महाल

आम्ही नागापूरची माणसं, एमआयडीसीच्या भोंग्यावर घड्याळ लावणारी. परवा थोरल्यानं विचारलं, "अब्बा, चाँदबीबी त्या डोंगरावर राहायची ना?" आम्हीही लहानपणी तेच समजत होतो! ती खरं तर निजामशाहीचा वजीर सलाबतखान याची कबर. चाँदबीबी लढली ती किल्ल्यात, 1595-96 च्या मुघल वेढ्यात.

मग रविवारी किल्ला दाखवायला नेलं, सोबत अम्मीही. 1490 मध्ये मलिक अहमदनं सुरू केलेली निजामशाही पोराला सांगत होतो. आता पाट्यांवर अहिल्यानगर आहे. अम्मीचं मात्र नुसतं 'नगर', पूर्वीपासून.

1942 मध्ये नेहरू, मौलाना आझाद इथंच कैदेत होते, हे ऐकून अम्मी थबकली. एप्रिल 1943 मध्ये मौलानांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या. आजारपणात भेटीसाठीही त्यांनी इंग्रजांकडे अर्ज केला नाही.

"शेवटचं तोंडही पाहिलं नाही?" अम्मीनं विचारलं.

आमचे अब्बा गेले तेव्हा अम्मी माहेरी होती. एसटी बंद, पोहोचली ती दफन झाल्यावर. बावीस वर्षांत त्यावर ती एक शब्द बोललेली नाही. तिनं तिथंच फातिहा पढली, जरा लांबच. पोरगं चप्पल काढून शेजारी उभं राहिलं.