यकृतानं केलेली चुगली

आता रिपोर्ट मोबाइलवर येतो. आकडा मर्यादेबाहेर गेला की शेजारी चांदणी. आमच्या वेळी तो परीक्षानळीत उतरायचा, लाल होऊन. यकृताच्या तपासणीतलं अल्कलाइन फॉस्फटेज करायचं तर किंग-आर्मस्ट्राँग पद्धत: सीरम आणि फॉस्फेटचं द्रावण 37 अंशांच्या वॉटर बाथमध्ये 15 मिनिटं ठेवायचं, मग एकेक रसायन घालत रंग चढताना बघायचं. पिपेट तोंडानं ओढायची, त्यामुळे कधीतरी रसायनाची चव जिभेवर यायचीच. 3 ते 13 युनिट म्हणजे ठीक. कलरीमीटरला नळी लावण्याआधीच आम्ही नुसत्या रंगावर पैजा मारायचो.

1978 साली एक नळी अशीच भडक निघाली. पेशंट पन्नाशीचा, दोन महिने बारीक ताप, अंगावरचे कपडे ढिले झालेले. ईएसआरच्या उभ्या नळीत तांबड्या पेशी तासाभरात शंभराची खूण ओलांडून खाली बसल्या. बिलिरुबिन मात्र नॉर्मल, डोळे स्वच्छ. वॉर्डात सगळे यकृताच्या मागे लागले. सुई घालून तुकडाही काढला, त्यात ठोस काही निघालं नाही. माझंच काही चुकलं असेल म्हणून मी नवं रक्त मागवलं. पुन्हा तोच रंग.

तिसऱ्या दिवशी मेडिसिनचे सर जिना उतरून लॅबमध्ये आले.

"आकडा खरा ना?"

"दोनदा लावलाय, सर."

"मग किडनी बघू या."

शिरेतून डाय देऊन एक्स-रे काढले, त्याला आयव्हीपी म्हणत. उजव्या मूत्रपिंडात गाठ होती. लघवीतून रक्त नाही, कुशीत दुखणं नाही, आणि चुगली केली ती यकृतानं! सरांनी चहा पिता पिता सांगितलं, मेयो क्लिनिकच्या मॉरिस स्टॉफर यांनी 1961 साली हेच लिहून ठेवलंय. कॅन्सर यकृतात पोचलेला नसतानाही त्याचं काम बिघडतं. का, ते तेव्हा आम्हाला कोणी सांगू शकलं नाही. आता म्हणतात, गाठीतून इंटरल्यूकिन-6 सारखे निरोप रक्तात सुटतात आणि यकृत त्यांच्या नादी लागतं.

मूत्रपिंड काढल्यावर त्याची नळी दर खेपेला फिकी होत गेली. हे आकडे खाली आलेच नाहीत, किंवा येऊन पुन्हा चढले, तर रोग कुठेतरी शिल्लक आहे असा संशय धरायचा. त्यामुळे त्याचं सॅम्पल आलं की आम्ही हातातलं काम सोडून तेच आधी लावायचो.

त्या दिवसांचे गोडवे मी फार गात नाही. आकड्यावरून माग काढण्यात मजा होती खरी, पण ती आमची. पेशंट यायचे तोवर गाठ बहुतेकदा नारळाएवढी झालेली असायची. हल्ली पित्ताच्या खड्यांसाठी केलेल्या सोनोग्राफीत दोन-तीन सेंटिमीटरची गाठ अचानक दिसते आणि वेळेत निघते. स्टॉफरचं नाव घेण्याची पाळीच येत नाही. हे चांगलंच झालं.

पण परवा शेजारची सूनबाई मोबाइल घेऊन आली. "काका, बाबांच्या रिपोर्टमध्ये दोन चांदण्या आल्यात." किडनीचा कॅन्सर फुप्फुसात गेलेला, पाझोपानिबच्या गोळ्या दीड महिन्यापासून चालू. एसजीपीटी बरंच वर, अल्कलाइन फॉस्फटेज थोडं. पूर्वी यकृत बिघडलं की आम्ही किडनीकडे बघायचो. आता किडनीचं औषधच यकृताला त्रास देऊ शकतं, म्हणून ठरावीक आठवड्यांनी रक्त तपासतात. रोगामुळे, औषधामुळे, की यकृतातही पसरलंय? चांदणी तिन्हीला एकच.

"पुढची गोळी द्यायच्या आधी डॉक्टरांना फोन कर," मी म्हटलं. ती तिथेच उभी राहून नंबर लावू लागली. रंग कितपत गडद होता, हे विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.