साम्य आणि ऐक्य



दोन यंत्रे एकाच कुळातील असली म्हणजे एकाचा भाग दुसऱ्यास चालतोच, असा आपल्यापैकी पुष्कळांचा समज असतो. ठाण्यास माझ्या वडिलांची बजाज चेतक माझा भाचा अद्याप चालवितो. तिच्यावर बसूनच त्याची कन्या शाळेत जाते. इंजिनाची ओढ मंदावली तेव्हा एका मिस्त्रीने त्यास सुचविले की, व्हेस्पा पीएक्स १५० चे पिस्टन घालावे, कारण दोन्ही एकच. "मामा, बसेल का हो?" असे भाच्याने मला विचारले.

सूचना अगदीच निराधार नव्हती. बजाज कंपनी इटलीतील पियाज्जोच्या परवान्याने व्हेस्पा बनवीत असे. तो करार १९७१ साली संपला आणि १९७२ साली व्हेस्पा स्प्रिंटच्या घडणीची चेतक आली. पीएक्स ही त्याच घराण्यातील धाकटी पाती. परंतु दिसते तसे नसते. दोहोंचा स्ट्रोक ५७ मिलिमीटर आहे; मात्र चेतकच्या सिलिंडरचा व्यास ५७, तर पीएक्सचा ५७.८ मिलिमीटर. म्हणूनच एकीची क्षमता १४५.४५ घन सेंटिमीटर, तर दुसरीची १४९.५६ भरते.

"मग सिलिंडर तासून मोठे केले तर?" असा त्याचा पुढील प्रश्न. केवळ व्यास जुळवून भागत नाही. पिस्टनच्या पिनची जाडी, पिनेपासून माथ्यापर्यंतची उंची, कडेच्या खिडक्या आणि सिलिंडरमधील वायुमार्ग, हे सर्व जुळावे लागते. सिलिंडर व पिस्टन यांतील फट कमी राहिली तर तापलेले पिस्टन जागीच धरते, मागील चाक एकाएकी अडकते, आणि पाठीमागे लहान मूल बसलेले असते! शनवार तेली म्हणून ओळखले जाणारे आपले पूर्वज केवळ लाकूड एकाच जातीचे म्हणून कोणतीही लाट कोणत्याही घाण्यात घालीत नसतील.

भाच्याने व्हर्निअर कॅलिपरने मापे घेतली, सिलिंडर तासून घेतले व चेतकचेच ओव्हरसाइझ पिस्टन बसविले. आरंभीचे काही शेकडो किलोमीटर तो गाडी हळू चालवीत होता. वडिलांची गाडी पूर्ववत धावू लागली.

येथे इस्राएलात आपली मुले १२५ व १५० सीसीच्या स्कूटरी वापरतात. त्यांनाही अशा सूचना मिळतच असतात. भाग घेण्यापूर्वी इंजिनावरील क्रमांक पाहावा, जुना भाग सोबत न्यावा व दोन्ही मोजून पाहावेत. क्षमता वाढणार असेल तर वाहन-परवाना, विमा आणि वार्षिक तपासणी यांचा विचार आधी करावा; कारण शक्ती वाढली तरी ब्रेक पूर्वीचेच राहतात.