काटकोनाची उसनवारी

'शूटिंग बोर्ड' हे नाव उच्चारले की आमच्या उमरग्यात ऐकणाऱ्याच्या मनात एकतर बंदूक येते किंवा चित्रपट. प्रत्यक्षात या वस्तूचा दोहोंशीही संबंध नाही. फळीची कड रंधून सरळ करण्याच्या क्रियेला इंग्रज सुतारांचा हा जुना शब्द आहे, इतकेच. रंधा, गुण्या, पटाशी, वाकस, सामता अशी स्वतःची शब्दसंपत्ती बाळगणाऱ्या मराठीत त्या नावाचे ओझे कशाला वाहायचे, म्हणून आम्ही घरापुरते त्याचे नाव 'रंधापाट' ठेवले आहे. दिवसभर महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या आणि सुट्टीच्या दिवशी लाकूड रंधणाऱ्या माणसांना एवढे स्वातंत्र्य असावे.

रंधापाटाची रचना अगदी साधी आहे. खाली रुंद फळी आणि तिच्यावर थोडी अरुंद फळी पक्की बसवली, की एका अंगाला पायरी तयार होते. वरच्या फळीच्या पुढच्या टोकाला एक आडवी पट्टी या पायरीशी काटकोन साधून ठोकायची. कापलेले लाकूड या पट्टीला टेकवून डाव्या हाताने दाबून धरायचे आणि उजव्या हाताने, कुशीवर निजवलेला रंधा पायरीवरून पुढे सरकवायचा. पाते रंध्याच्या तळाच्या अगदी कडेपर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे पहिल्या काही फेऱ्यांत वरच्या फळीची कड किंचित कापली जाऊन खाली एक बारीक ओठ शिल्लक राहतो. मग रंधा त्या ओठावर टेकूनच चालतो आणि पाटाला आणखी कापत नाही. उन्हाळ्या-पावसाळ्याबरोबर साधे लाकूड आखडते आणि फुगते, म्हणून पाटाला प्लायवूड बरे.

हा खटाटोप कशासाठी, हे लाकडाचे टोक रंधू पाहणाऱ्याला लगेच उमगते. लाकडाचे टोक म्हणजे कडब्याची बांधलेली पेंढी. विळा आडवा चालवला की मधली धाटे एकमेकांच्या आधाराने कापली जातात, परंतु पलीकडच्या काठावरच्या धाटांच्या पाठीशी कोणीच नसते. ती वाकतात, फाटतात. लाकडाचेही तसेच होते. शेवटच्या काठाचा ढलपा निघतो. पाटावरची आडवी पट्टी त्या शेवटच्या तंतूंच्या पाठीशी उभी राहते. कोन सांभाळणे आणि काठ सांभाळणे ही दोन्ही कामे ती एकटी करते. पाते मात्र धारदार हवे. बोथट पात्यापुढे कोणत्याही पट्टीचा उपाय चालत नाही.

तसबिरीच्या चौकटीला चार कोपरे आणि आठ काप. प्रत्येक कापात, एकाच बाजूला, केवळ अर्ध्या अंशाची तफावत असेल, तर शेवटच्या कोपऱ्यात ४ अंशांची फट पडते. म्हणून आधी गुण्याचीच परीक्षा घ्यावी लागते. सरळ कडेला दांडा टेकवून एक रेघ ओढायची, मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी. दोन्ही एकावर एक आल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर त्याचा दोष दुप्पट होऊन समोर येतो. दोष लपू न देता दुप्पट करून दाखवणारी ही कसोटी आम्हांला फार आवडते.

आमच्यापाशी जे सागवान आहे, ते एका माळवदाच्या घरातले आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनानंतरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी हा सारा परिसर हादरला. औसा तालुक्यातले किल्लारी आणि तेव्हा उमरगा तालुक्यात असलेले सास्तूर ही नावे जगाला त्या दिवशी कळली. हजारो माणसे गेली ती प्रामुख्याने दगडमातीच्या जाड भिंतींखाली आणि धाब्याच्या मातीखाली. त्या भिंती म्हणजे दगडांचे दोन पदर आणि मधे भर. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारे आरपार दगड बहुधा नसत. धक्क्यासरशी पदर सुटले. मात्र जिथे खांब आणि तुळयांचा सांगाडा कुसवांनी नीट जोडलेला होता, तिथे भिंती कोसळूनही कित्येकदा तो उभा राहिला. सांधा म्हणजे काय, याचा याहून कठोर पाठ आम्हांला ठाऊक नाही.

अशा एका सांगाड्यातली तुळई तुकड्यातुकड्यांनी आमच्याकडे आली. धुराने काळवंडलेली, मधूनच खिळा दडवून बसलेली. हे लाकूड बाजारात पुन्हा मिळायचे नाही. करवतीने ते आणखी एकदा कापायचे म्हणजे बोटभर गमवायचे. रंधापाटावर एका फेरीत निघते ते कागदाहून पातळ असे साल. जेवढे जादा आहे तेवढेच काढायचे, ही मुभा तिथे मिळते.

आमच्या गल्लीतल्या एका वृद्ध मिस्त्रींना आम्ही हा पाट दाखवला. जमिनीवर बसून, पायाच्या अंगठ्याने लाकूड दाबून त्यांनी हयात काढली. "मामा, कसा वाटतो?" असे विचारले. त्यांनी तो उलटासुलटा केला आणि म्हणाले, "चांगला हाय सर. पर डोळा असल्यावर हेचं काय काम?"

त्यांचे खरेच आहे. काटकोन त्यांच्या डोळ्यात मुरलेला आहे. परंतु तो डोळा कोणाला उसना देता येत नाही, आणि त्यांची मुले आता अॅल्युमिनियमच्या खिडक्या बसवतात. शब्दकोशही ज्याच्या जिभेवर भाषा आहे त्याला लागत नाही. लागतो तो उशिरा आलेल्याला, दुरून आलेल्याला, किंवा ज्याच्या घरातून ती भाषा निघून गेली त्याला. रंधापाट ही अशीच, शरीराबाहेर काढून ठेवलेली नजर आहे. तिच्यात मिस्त्रींचा सगळा डोळा मावत नाही. लाकडाची जात, तंतूंची दिशा, कुठे थांबायचे, हे पट्टी सांगत नाही. एक काटकोन तेवढा ती सांभाळते.

मिस्त्रींनी जाण्यापूर्वी पाटावर दोन फेऱ्या मारून पाहिल्या. मग लाकडाच्या टोकावरून अंगठा फिरवला आणि त्याच मापाचा एक पाट आपल्या नातवासाठी करून मागितला. तो आम्ही सध्या करत आहोत.