नदीकांठची गोष्ट

"आधीं पुस्तक, मग चित्रपट" हा माझा दंडक तुम्हांपैकीं पुष्कळांनीं वर्गांत ऐकला असेल. गेल्या नाताळच्या सुटींत तो माझ्याच घरीं मोडला, त्याची ही हकीकत.

माझ्या मुलीनें एक जपानी कार्टूनपट लावला होता. कार्टून म्हणजे पोरखेळ, अशा समजुतीनें मी वह्या तपाशीत बसलों होतों. परंतु नांव ऐकतांच मान वर केली. 'आकाशगंगेच्या आगगाडींतील रात्र' ही केंजी मियाझावा ह्यांची कथा मीं महाविद्यालयांत इंग्रजी भाषांतरांतून वाचली होती. म्हणजे दंडक मीं स्वतः पाळला होता, आणि तरीही मजजवळ त्या कथेंतलें कांहींच उरलें नव्हतें!

मियाझावा हे हानामाकीच्या शेतकी शाळेंत कांहीं वर्षें शिक्षक होते. १९२२ सालीं त्यांची लाडकी बहीण वारली, आणि १९३३ सालीं ते स्वतः गेले. ही कथा त्यांच्या मागें, १९३४ सालीं छापली गेली. गिसाबुरो सुगिई ह्यांनीं १९८५ सालीं तिचा चित्रपट केला. (२००९ सालच्या 'आओई बुंगाकु' मालिकेंत सोसेकी, दाझाई, अकुतागावा ह्यांच्याही कथा अशाच चित्रांत उतरल्या आहेत. पालकांनीं मात्र ती धाकट्यांना दाखवूं नये. तींत प्रौढांचीं दुःखें आहेत.)

जोव्हान्नीची आई आजारी, वडील दूर. शाळा सुटल्यावर तो छापखान्यांत खिळे वेचतो. उत्सवाच्या रात्रीं तो आपला मित्र काम्पानेल्ला ह्याच्यासह ताऱ्यांमधून धांवणाऱ्या गाडींत बसतो. गाडींतले उतारू मृत आहेत, हें आपणांस हळूहळू उमगतें. चित्रपटांत हे दोघे मित्र मांजरें आहेत. मला हंसूं आलें. पुढें हिमनगावर आपटून बुडालेल्या जहाजांतील दोन मुलें व त्यांचा तरुण शिक्षक येतात. तीं मात्र माणसेंच आहेत. इतर मुलांना ढकलून आपल्या मुलांना होडींत चढवावें कीं नाहीं, हा त्या शिक्षकाचा पेंच मला फार लागला. पण ते चेहरे परक्यांचे होते. त्या मांजराच्या चेहऱ्यावर मात्र मला माझा बालमित्र दिसूं लागला.

तो प्रवरेच्या पुरांत गेला तेव्हां मी दहा वर्षांचा होतों. लोक कंदील घेऊन तीरावर धांवत होते. त्याचे वडील मजजवळ आले आणि म्हणाले, "जेवलास कां रे?" एवढेंच. हा मनुष्य दगड आहे, असें मला वाटलें. पुढें तीस वर्षें मीं त्यांच्या घरची पायरी चढलों नाहीं.

त्या रात्रीं मीं पुस्तक पुन्हां काढलें व मुलीला वाचून दाखविलें. काम्पानेल्ला एका सोबत्याला वांचवितांना बुडाला आहे. त्याचे वडील हातांत घड्याळ घेऊन नदीकांठीं उभे आहेत. पंचेचाळीस मिनिटें झालीं, आतां आशा नाहीं, असें ते सांगतात. आणि लगेच जोव्हान्नीला विचारतात, तुझे वडील घरीं आले कां?

"पप्पा, स्वतःचा मुलगा गेला, आणि ते ह्याच्या वडिलांची चौकशी कां करतात?" मुलीनें विचारलें.

मला पुढें वाचवेना.

सुटी संपण्यापूर्वीं आम्ही दोघें गांवीं गेलों. माझ्या मित्राचे वडील ओसरीवर बसले होते. त्यांना आतां ऐकूं कमी येतें. मुलीनें त्यांना फोनवर ती मांजरांची आगगाडी दाखविली. ते बराच वेळ पाहत राहिले. मग ही गाडी कोठें जाते, असें त्यांनीं तिला विचारलें.