तारेचे चार दिवस

दातांना तार लावलेली मुले आता पणजी-मडगावातच नव्हे, तर पेडणे-काणकोणच्या शाळांतही दिसतात. तार का लावायची, खर्च किती, किती वर्षे ठेवायची, हे सगळे दवाखान्यात नीट समजावून सांगतात. पुढचे पहिले चार दिवस मात्र घरच्यांनाच निभावून न्यावे लागतात. त्या चार दिवसांविषयी लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

माझ्या मुलीला तेराव्या वर्षी तार लागली. घरात विरोध होता तो माझ्या आईचा. "देवाने दिलेले दात, ते कशाला हलवायचे?" हा तिचा प्रश्न. आईचे स्वतःचे पुढचे दोन दात बाहेर आलेले. लग्नाच्या फोटोत तिचे ओठ घट्ट मिटलेले आहेत आणि आजही हसताना तिचा पदर तोंडावर जातो. त्याबद्दल ती कधी बोलली नाही, आम्हीही कधी विचारले नाही.

तार बसवली त्या दिवशी दुपारी मुलगी मजेत होती. संध्याकाळी ठणका सुरू झाला आणि दुसऱ्या दिवशी भाताचे शीतही चावेना. हा क्रम बहुतेकांच्या वाट्याला येतो. दुखणे काही तासांनी सुरू होते, साधारण २४ तासांनी सर्वांत जास्त असते आणि ३ ते ७ दिवसांत ओसरते. पुढे तार बदलली किंवा आवळली की पुन्हा तेच, पण बहुधा कमी.

दुखते का, हे कळले की निम्मी भीती जाते. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा पातळ थर असतो. तार दाताला एका बाजूला ढकलते. त्या बाजूचे तंतू दाबले जातात आणि तिथले हाड हळूहळू विरघळते. मागच्या बाजूला नवे हाड भरत येते. दात सरकतो तो असा. दबलेल्या तंतूंना सूज येते, तेच हे दुखणे. म्हणजे हा आजार नव्हे. घरी करायचे ते एवढेच, की मुलाला हे दिवस सुसह्य व्हावेत.

आईने पहिल्यांदा लवंगेच्या तेलाची बाटली काढली. किडलेल्या दाताला आमच्याकडे तोच पहिला उपाय. पण इथे दात किडलेला नव्हता, दुखत होते मुळाशी. शिवाय निव्वळ लवंगतेल हिरडीला लागले तर ती भाजते. बाटली परत फडताळात गेली. आई थोडी खट्टू झाली, पण लगेच तिने उकड्या तांदळाची पेज चुलीवर ठेवली, आणि तिथे मात्र तिला तोड नव्हती. मऊ शिजलेली, कोमट पेज, वर चमचाभर तूप. दुसऱ्या दिवशी नाचण्याचे तिजण, नंतर आडसराची मलई, मुगाचे मऊ कढण. पोदेराचा पाव दुधात बुडवून. सोलकढी मात्र दोन दिवस बंद, कारण गालाच्या आतल्या ओरखड्याला तिचा आंबटपणा झोंबतो. फुटाणे, खाजे, चिक्की, कांकणे आणि बर्फाचे खडे चावणे तर तार असेपर्यंत वर्ज्यच. त्यांनी नुसते दुखत नाही, चिकटवलेले ब्रॅकेटही निखळते.

बाकीचे उपाय साधे आहेत. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चारदा गुळण्या केल्या की सोललेल्या जागेला आराम पडतो. गालावर बाहेरून थंड पाण्याची घडी दहा-पंधरा मिनिटे ठेवावी. थंड ताकाचे किंवा पाण्याचे घोट घ्यावेत. ओठाला टोचणारे ब्रॅकेट आधी स्वच्छ कापडाने कोरडे करावे, मग दवाखान्यातून मिळालेल्या मेणाची वाटाण्याएवढी गोळी त्यावर दाबून बसवावी. दात कोरडा नसेल तर मेण टिकत नाही. फारच ठणकले तर पॅरासिटामॉल, पण किती द्यायचे ते मुलाच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांना विचारून. ॲस्पिरिन मुलांना देऊ नये. आणि दुखते म्हणून दात घासणे सोडू नये, मऊ ब्रश हळू फिरवावा. तारेत अडकलेले अन्न तसेच राहिले तर दातांवर पांढरे डाग पडतात, ते तार काढल्यावरही जात नाहीत.

दात किंचित हलल्यासारखा वाटणे यात वावगे काही नाही. पण आठवडा उलटूनही दुखणे कमी होत नसेल, हिरडी सुजून पू किंवा ताप आला असेल, किंवा तारेचे टोक मेण लावूनही गालात रुतत असेल, तर घरगुती उपाय पुरे, दवाखाना गाठावा. तार घरी कापायला जाऊ नये.

तिसऱ्या रात्री मुलगी रडकुंडीला आली. "ही तार काढून टाका, मला नकोत सरळ दात." मी काही बोलणार तोच आई तिच्या खाटेवर जाऊन बसली. विरोध करणारी तीच, तेव्हा मला वाटले आता ही नातीचीच बाजू घेणार. आईने तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "चार दीस सोस गो बाय. हांवें जल्मभर तोंड धांपलें."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आई हे बोलली. मुलगी गप्प झाली. मग आजीच्या हातची वाटीभर पेज तिने संपवली.

पुढची तार बदलली ती नेमकी चवथीच्या तोंडावर. नेवऱ्यांना हात लावता येणार नव्हता, म्हणून आईने त्या वर्षी पातोळ्या जास्त केल्या. हळदीच्या पानात उकडलेल्या, जिभेनेच मोडाव्यात इतक्या मऊ. घुमट वाजू लागले तेव्हा मुलीने ओठाखाली मेण दाबून बसवले आणि सगळ्या आरत्या म्हटल्या, चांगल्या मोठ्याने.